बाळू पालवणकर

बाळू बाबाजी पालवणकर (१९ मार्च १८७६, धारवाड – ४ जुलै १९५५, मुंबई) हे भारतीय क्रिकेटपटू होते. क्रिकेटच्या इतिहासात ते पी. बाळू किंवा पालवणकर बाळू या नावाने ओळखले जातात. डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज म्हणून त्यांनी १९०५-०६ ते १९२०-२१ या काळात प्रथम दर्जाचे ३३ सामने खेळून १७९ बळी मिळवले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातून येऊन राष्ट्रीय पातळीवर कीर्ती मिळवणारे ते पहिले भारतीय खेळाडू समजले जातात. त्यांच्या खेळाची जडणघडण पुणे शहरात झाली. सामना जितका मोठा, तितकी बाळूंची गोलंदाजी अधिक प्रभावी, असा त्यांचा लौकिक होता. त्यांच्या कारकिर्दीतील महत्त्वाच्या प्रसंगांवरून आणि उपलब्ध आकड्यांवरून या लौकिकाला आधार मिळतो.

कुटुंब आणि बालपण

पालवणकर कुटुंब चर्मकार समाजातील असून ते मूळचे कोकणातील पालवण गावचे होते. गावावरूनच त्यांना हे आडनाव मिळाले. बाळूंचे वडील लष्कराच्या नोकरीत होते. त्यामुळे कुटुंबाचे वास्तव्य लष्करी ठाण्यांच्या आश्रयाने होत असे. बाळूंचा जन्म धारवाड येथे झाला; पुढे कुटुंब पुण्यात आले. बाळू हे भावंडांत थोरले. त्यांच्या पाठचे शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिघेही पुढे नामवंत क्रिकेटपटू झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे व खडकी येथे इंग्रजांची मोठी छावणी होती. लष्करी अधिकाऱ्यांनी वापरून टाकून दिलेल्या चेंडू-बॅटींवर बाळू आणि शिवराम यांनी क्रिकेटचे पहिले धडे घेतले. शाळेचे शिक्षण फार काळ चालू शकले नाही. घरखर्चाला हातभार लावण्यासाठी बाळूंना लहान वयातच काम पाहावे लागले आणि ते काम त्यांना क्रिकेटच्या मैदानावरच मिळाले.

पुण्याच्या मैदानावरील नोकरी

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातील पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात होती. मैदान झाडणे, खेळपट्टीवर रूळ फिरवणे आणि सराव करणाऱ्यांना अधूनमधून चेंडू टाकणे असे कामाचे स्वरूप होते. पगार महिना तीन रुपये होता. १८९२च्या सुमारास ते युरोपीयांच्या पूना क्लबात रुजू झाले. तेथे त्यांना महिना चार रुपये मिळू लागले. खेळपट्टी तयार करणे, तिच्यावर रेघा आखणे, सरावाची जाळी उभारणे आणि गरज पडल्यास टेनिसच्या मैदानाची देखभाल करणे ही कामे त्यांच्याकडे होती.

त्या काळी पावसाळ्यात मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचा मुक्काम पुण्यात, गणेशखिंड येथे असे. १८९० ते १८९५ या काळात गव्हर्नर असलेले लॉर्ड हॅरिस हे स्वतः इंग्लंडचे माजी कर्णधार होते. सरकारी अधिकारी आणि लष्करी अंमलदार यांचा राबता वाढल्यामुळे पुण्यातील पावसाळी क्रिकेटला प्रतिष्ठा आली होती. इलाख्यातील पारशी आणि युरोपीय यांच्यात होणाऱ्या सामन्यांपैकी एक पुण्यात भरत असे. खेळपट्ट्या पावसापासून झाकण्याची पद्धत तेव्हा नव्हती. ओलसर आणि उन्हाने अर्धवट वाळलेल्या खेळपट्टीवर फिरकी चेंडू कसा वागतो, हे ती खेळपट्टी रोज हाताने तयार करणाऱ्या बाळूंना इतर कोणाहीपेक्षा जवळून पाहावयास मिळाले.

पूना क्लबातील ट्रॉस नावाच्या एका सभासदाने बाळूंना जाळीत गोलंदाजी करण्यास उत्तेजन दिले. त्यानंतर त्यांचे दिवसाचे कित्येक तास सभासदांना चेंडू टाकण्यात जाऊ लागले. या सभासदांत जॉन ग्लेनी ग्रेग हे त्या काळी भारतातील सर्वोत्तम युरोपीय फलंदाजांपैकी एक होते. त्यांच्या नावाच्या उच्चारावरून त्यांना गमतीने जंगली ग्रेग म्हणत. इतर सभासद येण्यापूर्वी ग्रेग मैदानावर येत आणि एकट्या बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. बाळूंनी आपल्याला बाद केल्यास ग्रेग दर वेळी त्यांना आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. चार रुपयांच्या महिन्याच्या पगाराशी ताडून पाहिल्यास ही रक्कम पगाराच्या आठव्या हिश्श्याइतकी होते. आठवड्यातून एकदा जरी हे बक्षीस मिळाले, तरी महिन्याकाठी मिळकत दीडपट होत असे.

या सरावाची दुसरी बाजूही बाळूंच्या आठवणीत राहिली. पूना क्लबात त्यांनी हजारो चेंडू टाकले. तेथे त्यांच्या हातात बॅट मात्र कधी देण्यात आली नाही. फलंदाजी हा सभासदांचा आणि चेंडू टाकणे हा नोकराचा वाटा, अशी ती विभागणी होती. बाळूंची फलंदाजी पुढे कामचलाऊच राहिली, याचे एक कारण येथे सापडते.

पुण्यातील हिंदू संघ

पूना क्लबाच्या जाळीत एक चर्मकार मुलगा युरोपीय फलंदाजांना चकवीत असल्याची वार्ता पुण्यातील हिंदू क्रिकेटपटूंपर्यंत पोचली. हिंदूंच्या संघाला शहरातील युरोपीयांचा पराभव करावयाचा होता आणि त्यासाठी त्यांना असाच गोलंदाज हवा होता. बाळूंना संघात घेण्यावरून सभासदांत मतभेद झाले. संघात तेलुगू सभासद होते आणि महाराष्ट्रीय ब्राह्मण सभासदही होते. अस्पृश्य खेळाडूस घेण्याला काहींचा विरोध होता. युरोपीय क्लबांविरुद्धच्या सामन्यांत विजय मिळवण्याची इच्छा अखेर प्रबळ ठरली आणि बाळूंचा संघात प्रवेश झाला.

मैदानावरील प्रवेशाबरोबर मैदानाबाहेरील समानता मात्र आली नाही. खेळ चालू असताना सर्व खेळाडू त्याच चेंडूला स्पर्श करीत. चहापानाच्या वेळी इतर खेळाडू आत बसत, तर बाळूंना बाहेर, टाकाऊ मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई. हातपाय धुण्यासाठी पाणी द्यावयाचे झाल्यास तेही निराळ्या व्यवस्थेने दिले जाई. जेवणासाठी त्यांचे ताट आणि बैठक वेगळी असे. त्याच दिवशी उरलेल्या वेळात त्यांच्याकडून संघाला विजय मिळवून देण्याची अपेक्षा असे.

साताऱ्याच्या युरोपीय क्लबाविरुद्धचा सामना या काळातील विशेष प्रसंग म्हणून सांगितला जातो. पुण्याच्या संघातील फिरकी गोलंदाजाची कीर्ती ऐकून यजमानांनी खेळपट्टीवर कित्येक दिवस रूळ फिरवून ती टणक केली होती. तरीही बाळूंनी सात बळी मिळवून सामना पुण्याकडे खेचला. या विजयानंतर झालेल्या समारंभात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी खेळाडूंना, ज्याच्यासोबत खेळता त्याच्यासोबत खाणेपिणे का टाळता, अशा आशयाचे बोल सुनावल्याचे सांगितले जाते. लोकमान्य टिळकांनीही पुण्यातील एका सभेत बाळूंचा गौरव केल्याचा उल्लेख आढळतो. यानंतर खाण्यापिण्यातील निर्बंध काहीसे सैल झाले.

मुंबईस स्थलांतर

१८९६ साली मुंबईत आणि त्यापाठोपाठ पुण्यात प्लेगची साथ आली. या साथीच्या काळात पालवणकर कुटुंबाने पुणे सोडले आणि बाळू मुंबईस आले. तेथे त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली. १८९४ साली स्थापन झालेल्या परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना खेळावयास घेण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा पुण्यातील वादाची पुनरावृत्ती झाली. काही सभासदांचा विरोध असताना कर्णधार कीर्तिकर यांनी आग्रह धरून बाळूंना संघात घेतले. पुढे शिवरामही त्याच जिमखान्यातून खेळू लागले. बंगालमधील नाटोरच्या महाराजांनी उभारलेल्या नामांकित संघातूनही बाळू खेळले.

१९०६चा हिंदू-युरोपीय सामना

मुंबई इलाख्यातील क्रिकेट त्या काळी धर्म आणि समाज यांवर आधारलेल्या संघांत खेळले जाई. पारशी आणि युरोपीय यांच्यातील सामने १८९०च्या दशकापासून रूढ झाले होते. हिंदूंचा संघ युरोपीयांशी अधिकृत सामना खेळण्यास योग्य आहे की नाही, याचा निकाल फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर लागणार होता.

सामन्याला केवळ खेळाचे महत्त्व नव्हते. आदल्याच वर्षी बंगालची फाळणी झाली होती आणि स्वदेशीची चळवळ महाराष्ट्रात पसरत होती. राज्यकर्त्यांचा त्यांच्याच खेळात, त्यांच्याच मैदानावर पराभव करण्याची ही संधी होती. हिंदू संघात बाळू आणि शिवराम हे दोघे बंधू होते. पराभव झाला असता तर अस्पृश्य खेळाडूंना घेऊन काय साधले, असा प्रश्न विरोधकांनी विचारला असता. इतर नऊ खेळाडूंवर एक भार होता. या दोघांवर दोन होते.

हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या. युरोपीयांचा पहिला डाव १९१ धावांत आटोपला आणि हिंदूंना ५१ धावांची आघाडी मिळाली. दुसऱ्या डावात हिंदू संघ १६० धावांत बाद झाला. विजयासाठी युरोपीयांना २१२ धावा हव्या होत्या. सामना दोन्ही बाजूंना झुकू शकेल अशा या वेळी बाळूंनी दुसऱ्या डावात पाच फलंदाज बाद केले आणि युरोपीय संघ १०२ धावांत गारद झाला. पहिल्या डावातील तीन बळी धरून बाळूंच्या नावावर सामन्यात एकूण आठ बळी जमा झाले. हिंदूंनी हा सामना १०९ धावांनी जिंकला.

सामाजिक सुधारणेचा पुरस्कार करणाऱ्या वृत्तपत्रांनी या विजयापेक्षाही संघाच्या रचनेला अधिक महत्त्व दिले. जातिभेद बाजूस ठेवल्यास काय घडू शकते, याचे उदाहरण म्हणून या सामन्याकडे पाहिले गेले. १९०७ सालीही हिंदूंनी युरोपीयांचा पराभव केला. त्याच वर्षी पारशी संघ सामील होऊन तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ साली मुस्लिम संघाच्या प्रवेशाने ती चौरंगी झाली.

गोलंदाजीची शैली

बाळू डाव्या हाताने मंदगती गोलंदाजी करीत. काही पावलांची सहज धाव, हाताची सुलभ फेक आणि एकाच टप्प्यावर तासन्तास चेंडू टाकण्याची क्षमता ही त्यांच्या शैलीची मुख्य लक्षणे होती. त्यांचा चेंडू दोन्ही दिशांना वळे आणि एकाच पद्धतीच्या फेकीतून ते चेंडूच्या वेगात व उंचीत बदल करीत. समकालीन इंग्लिश गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स यांच्याशी त्यांची तुलना होई आणि त्यांना भारतीय ऱ्होड्स असे संबोधले जाई.

अचूकता हा त्यांच्या गोलंदाजीचा पाया होता. पूना क्लबातील नोकरीत चुकार चेंडू टाकण्याची मुभा नव्हती. समोरचा फलंदाज मालकाच्या जागी होता आणि बक्षिसाची आशा प्रत्येक चेंडूला जोडलेली होती. त्यामुळे सरावाचा चेंडू आणि सामन्याचा चेंडू यांतील अंतर त्यांच्या बाबतीत फारसे उरले नव्हते, असे म्हणता येते. मोठ्या सामन्यात त्यांना नवे काही करावे लागत नसे. रोज सकाळी जे केले तेच अधिक प्रेक्षकांसमोर करावे लागे.

१९११चा इंग्लंड दौरा

१९११ साली अखिल भारतीय म्हणता येईल असा पहिला क्रिकेट संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदर सिंग कर्णधार होते. संघात पारशी, हिंदू, मुस्लिम व शीख खेळाडू होते. बाळू व शिवराम यांचीही निवड झाली होती. त्या वर्षी बादशहा पंचम जॉर्ज यांचा राज्यारोहण समारंभ लंडनमध्ये असल्याने कर्णधाराचा बराच वेळ दरबारी कार्यक्रमांत गेला. त्यांचे चिटणीस आणि उत्तम फलंदाज केकी मिस्त्री हेही त्यांच्यासोबत संघाबाहेर राहिले. दुबळ्या झालेल्या संघाचे सुरुवातीचे सामने एकामागून एक हातचे गेले.

या अवस्थेत गोलंदाजीचा भार बहुतांशी बाळूंवर पडला. त्यांनी वयाची पस्तिशी गाठली होती आणि दौऱ्यात त्यांचा खांदा दुखावलेला होता. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ बळी मिळवले. प्रथम दर्जाच्या सामन्यांतील ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी होय. दौऱ्यातील पहिला महत्त्वाचा विजय लिस्टरशायर संघाविरुद्ध मिळाला. त्या सामन्यात बाळूंनी अकरा बळी घेतले. त्यानंतर सॉमरसेट संघाविरुद्ध भारतीय संघाने अवघा एक गडी राखून विजय मिळवला, त्यात शिवराम यांच्या शतकाचा मोठा वाटा होता.

भारतीय संघाने प्रथम दर्जाच्या चौदा सामन्यांपैकी दोन जिंकले, दहा गमावले आणि दोन अनिर्णित राखले. पराभूत संघातील बाळूंनी मात्र या सामन्यांत ७५ बळी २०.१२च्या सरासरीने मिळवले. दौऱ्यातील सर्व सामने धरल्यास त्यांच्या बळींची संख्या ११४ होते. परतल्यावर मुंबईतील दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. बाळूंच्या गौरवासाठी पुढाकार घेणाऱ्यांत तरुण भीमराव आंबेडकर हे होते. आपल्यातील एकाने परक्या देशात मिळवलेले यश या समाजाला मोठा आधार देणारे वाटले.

कर्णधारपदाचा प्रश्न

दौऱ्यानंतर बाळू हे हिंदू संघातील सर्वांत अनुभवी आणि यशस्वी खेळाडू होते. तरीही संघाचे कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. १९१० नंतर अनेक वर्षे हा प्रश्न क्रीडावर्तुळात आणि वृत्तपत्रांत चर्चिला गेला. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी एका सत्कारप्रसंगी हा मान ज्येष्ठतेने बाळूंना मिळावयास हवा होता, असे जाहीरपणे मान्य केले. निवड समितीच्या निर्णयात मात्र त्यामुळे फरक पडला नाही. धाकटे बंधू विठ्ठल हे आक्रमक आणि दर्जेदार फलंदाज म्हणून पुढे आले. त्यांच्याही बाबतीत हाच अनुभव येऊ लागला.

१९२० साली हा प्रश्न विकोपाला गेला. त्या वर्षीच्या चौरंगी स्पर्धेत पै आजारी असल्याने पहिल्या सामन्यासाठी हिंदू संघाचे कर्णधारपद पुण्याचे दि. ब. देवधर यांना देण्यात आले. ज्येष्ठ असलेल्या विठ्ठल यांना डावलण्यात आले, तर बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. विठ्ठल आणि शिवराम यांनी जातीच्या कारणाने अन्याय होत असल्याचे जाहीर निवेदन देऊन संघातून माघार घेतली. याच सुमारास काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात अस्पृश्यता निवारणाचा पुरस्कार करण्यात आला होता. त्यामुळे या माघारीला मोठी सहानुभूती मिळाली.

पारशी संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यासाठी पै परतले. तडजोड म्हणून बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले आणि विठ्ठल व शिवराम संघात परत आले. सामन्याच्या काही भागात पै मैदानाबाहेर राहिले आणि त्या वेळी बाळूंनी संघाचे नेतृत्व केले. हे औट घटकेचे नेतृत्व त्यांच्या वाट्याला आले तेव्हा ते ४४ वर्षांचे होते आणि प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधील त्यांचा तो शेवटचा हंगाम ठरला. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाला नाकारलेला मान धाकट्याला मिळाला.

राजकीय जीवन

क्रिकेटमधून निवृत्त झाल्यावर बाळू सार्वजनिक जीवनात उतरले. अस्पृश्यतेचा प्रश्न हिंदू समाजाच्या चौकटीत राहून आणि काँग्रेसच्या मार्गाने सुटावा, अशी त्यांची भूमिका होती. १९३२ साली ब्रिटिश सरकारने जातीय निवाड्यात दलितांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. त्याविरुद्ध महात्मा गांधींनी पुण्यातील येरवडा तुरुंगात २० सप्टेंबर रोजी उपोषण सुरू केले. वाटाघाटींनंतर २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. डॉ. आंबेडकर, एम. सी. राजा आणि इतर नेत्यांसोबत या करारावर पी. बाळू यांचीही स्वाक्षरी आहे. ज्या शहरात त्यांनी खेळपट्टीवर रूळ फिरवला, त्याच शहरात चाळीस वर्षांनंतर त्यांची स्वाक्षरी एका ऐतिहासिक करारावर झाली.

१९३३ साली त्यांनी मुंबई महापालिकेची निवडणूक लढवली. तीत त्यांना यश आले नाही. ऑक्टोबर १९३५ मध्ये डॉ. आंबेडकरांनी येवला येथे धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा बाळूंनी तिला विरोध दर्शवला. १९३७ सालच्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उमेदवारी दिली. एके काळी आंबेडकरांनी ज्यांच्या गौरवासाठी पुढाकार घेतला होता, तेच आता प्रतिस्पर्धी म्हणून उभे होते. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते असलेले आंबेडकर सुमारे दोन हजार मतांनी विजयी झाले. बाळूंचा पराभव झाला असला, तरी त्यांना मिळालेली मते कमी नव्हती. यानंतर ते सक्रिय राजकारणापासून दूर राहिले.

मूल्यमापन

प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये बाळूंनी १७९ बळी १५.२१च्या सरासरीने मिळवले. एका डावात पाच वा अधिक बळी घेण्याची कामगिरी त्यांनी सतरा वेळा केली. फलंदाजीत त्यांनी ७५३ धावा काढल्या. इंग्लंडमधील ७५ बळी वगळल्यास भारतातील १०४ बळी उरतात आणि त्यांची सरासरी बारा धावांहून कमी भरते. भारतातील हे सामने प्रामुख्याने युरोपीय आणि पारशी संघांविरुद्धचे, म्हणजे त्या काळी सर्वाधिक प्रतिष्ठेचे होते. न झाकलेल्या खेळपट्ट्यांमुळे तत्कालीन गोलंदाजांच्या सरासरी आजच्या मानाने कमीच असत, हे लक्षात घेऊनही ही कामगिरी असामान्य ठरते.

दडपणाखाली उत्तम खेळणाऱ्या खेळाडूंचे वर्णन पुष्कळदा उपजत धैर्याचा दाखला देऊन केले जाते. बाळूंच्या चरित्रातून याचे वेगळे स्पष्टीकरण मिळते. पुण्यातील नोकरीच्या वर्षांत त्यांचे पोट, बक्षीस आणि पुढील संधी ही सारी अचूक चेंडू टाकण्यावर अवलंबून होती. इतरांना सामन्याच्या दिवशी जाणवणारे दडपण त्यांना कामाच्या प्रत्येक दिवशी अनुभवास येत असे. शिवाय मैदान ही त्यांच्या आयुष्यातील अशी एकमेव जागा होती, जेथे निकाल बहुतांशी त्यांच्याच हातात असे. चहाचे भांडे कोणते मिळेल, कर्णधार कोण होईल, हे दुसरे ठरवीत. यष्टी उडाली की फलंदाजाला परतावेच लागे, मग गोलंदाज कोणत्याही जातीचा असो.

याच कारणाने त्यांच्या यशाची मर्यादाही स्पष्ट होते. पंधरा वर्षे विजय मिळवून देऊनही कर्णधारपद त्यांच्याकडे आले नाही; राजकारणातही मैदानावरील कौशल्य उपयोगी पडले नाही. उत्कृष्ट कामगिरीमुळे संघाचे दार उघडले, तरी अधिकाराची जागा केवळ कामगिरीच्या बळावर मिळाली नाही. ती मिळवण्यासाठी १९२० साली त्यांच्या भावांना खेळ सोडून उघड विरोध करावा लागला.

निधन आणि स्मृती

४ जुलै १९५५ रोजी मुंबई येथे बाळू पालवणकर यांचे निधन झाले. भारताला कसोटी क्रिकेटचा दर्जा १९३२ साली मिळाला. त्यापूर्वीच बाळूंची कारकीर्द संपलेली असल्याने कसोटी खेळाडूंच्या यादीत त्यांचे नाव नाही. त्यामुळे पुढील पिढ्यांना त्यांचा बराच काळ विसर पडला. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावरील ग्रंथात बाळू व त्यांच्या बंधूंना मध्यवर्ती स्थान दिले. त्यानंतर त्यांच्या कार्याकडे अभ्यासकांचे आणि वाचकांचे लक्ष पुन्हा वळले. भारतातील पहिले थोर फिरकी गोलंदाज म्हणून आज त्यांचा उल्लेख होतो. विनू मंकड आणि बिशनसिंग बेदी यांच्यासारख्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांच्या भारतीय परंपरेचा आरंभ पूना क्लबाच्या सरावाच्या जाळीत, महिना चार रुपये पगारावर काम करणाऱ्या या खेळाडूपासून मानला जातो.